गाडीखालचा उजेड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत वाराणसी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत संतवाङ्मय, नाट्यसंगीत, अहिल्याबाईंचे काशीतील कार्य अशा थोर विषयांवर अधिकारी वक्त्यांना आपण ऐकले आहे. त्यांच्या पंक्तीला बसण्याची आमची योग्यता नाही. आम्ही पडलो केंद्र सरकारचे नोकर. कला शाखेची साधी पदवी, तीस वर्षांचा फायलींचा सहवास आणि दर तीन-चार वर्षांनी होणारी बदली, एवढेच आमचे भांडवल. आमचे खाते रेल्वेचे नव्हे आणि आम्ही अभियंतेही नव्हे. तरीही यंदाच्या गणेशोत्सवात मंडळाने रेल्वेच्या कॅरेज शेडच्या अंतर्भागाचा जो देखावा उभा केला, तो कसा केला आणि मुळात का केला, हे अनेकांनी विचारले. प्रत्येकास वेगळे उत्तर देण्यापेक्षा एकदाच सर्वांसमोर सांगावे, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली आणि म्हणून आम्ही येथे उभे आहोत.

प्रतिकृती करणे हा आपल्याकडे काही नवा छंद नाही. दिवाळीत अंगणात दगडमाती रचून किल्ला न केलेला मराठी मुलगा विरळाच. तटबंदी, बुरूज, अळीव पेरून उगवलेले रान, पायथ्याशी गाव आणि वर सिंहासनाधिष्ठित महाराज, हे सारे एका चौरंगाएवढ्या जागेत मावते. त्या किल्ल्यात एक गंमत असते. महाराज बुरुजाएवढे उंच असतात आणि मावळ्याच्या डोईपेक्षा तोफ लहान असते. बालवयात ते खपून जाते, शोभूनही दिसते. परंतु "हे खरे कसे असेल?" असा प्रश्न ज्या दिवशी मुलाच्या मनात येतो, त्या दिवशी खेळ संपून अभ्यास सुरू होतो. आमच्या देखाव्याचा आरंभही अशाच एका प्रश्नातून झाला.

आपल्यांतील काही कुटुंबे पेशवाईच्या काळापासून ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या परिसरात नांदत आहेत, तर आमच्यासारखी काही नोकरीच्या निमित्ताने आली आहेत. दोघांचाही महाराष्ट्राशी संबंध टिकून आहे तो मुख्यतः रेल्वेच्या रुळांवरून. एके काळी काशीयात्रेस निघालेला माणूस घरच्यांचा कायमचा निरोप घेऊन निघत असे. १८५३ साली १६ एप्रिल रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली. १८८७ साली राजघाटचा डफरिन पूल, म्हणजे आजचा मालवीय पूल, वाहतुकीस खुला झाला. आणि महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. आज महानगरी एक्सप्रेसने मुंबई सोडली की सुमारे दीड हजार किलोमीटरचे अंतर काटून दुसऱ्या दिवशी आपण काशीत उतरतो, सामान मोजतो, रिक्षा ठरवितो आणि घरी जातो. मंडळातील एका मुलीने विचारले, "आपण उतरल्यावर गाडी कुठे जाते?" प्रश्न साधा होता. पण तेथे बसलेल्या आम्हां दहा-बारा प्रौढांपैकी कोणालाच त्याचे धड उत्तर देता आले नाही. आयुष्यभर ज्या गाडीच्या भरवशावर आपण मायभूमीस जाऊन येतो, ती गाडी आपल्याला केवळ फलाटाच्या बाजूने ठाऊक आहे, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी वाटली.

एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. बनारस आणि रेल्वे म्हटले की आपल्याला 'डीरेका' आठवते. तो इंजिनांचा कारखाना. १९६१ साली त्याची स्थापना झाली, १९६४ च्या जानेवारीत पहिले डिझेल इंजिन तेथून बाहेर पडले, पुढे तेथे विजेची इंजिनेही होऊ लागली आणि २०२० साली त्याचे नाव बनारस रेल इंजिन कारखाना असे झाले. परंतु प्रवासी डब्यांची रोजची निगा तेथे राखली जात नाही. ती राखली जाते स्टेशनालगतच्या डेपोत, जेथे धुण्याच्या आणि तपासणीच्या मार्गिका असतात. डब्यांची पूर्ण उस्तवार करणारे मोठे कारखाने निराळे. मुंबईतील माटुंग्याचा कारखाना १९१५ पासून ते काम करीत आला आहे. आम्हांस दाखवावयाची होती ती स्टेशनालगतची शेड.

रीतसर परवानगी काढून आम्ही ती पाहिली. गाडी आत येते तेव्हाच काम सुरू होते. रुळांच्या दोन्ही बाजूंस माणसे उभी राहून सरकत्या चाकांकडे पाहतात आणि त्यांचा आवाज ऐकतात. गाडी थांबली की अ‍ॅक्सलच्या पेट्या अधिक तापल्या आहेत काय, हे पाहतात. पूर्वी हाताच्या स्पर्शाने ठरत असे, आता त्यासाठी उपकरण आहे. मग रुळांमधल्या लांब खड्ड्यात उतरून फिटर खालून ब्रेकची जोडणी, स्प्रिंगा, खिळे-पिना एकेक तपासीत पुढे सरकतो. वर झाडलोट, धुलाई, पाणी भरणे, दिव्या-पंख्यांची पाहणी चालू असते. ज्या डब्यात मोठा दोष सापडतो त्यास 'सिक' ठरवून वेगळ्या मार्गिकेवर नेतात. आजारी माणसास घरातल्या वेगळ्या खोलीत निजवावे तसे. या सगळ्यास ठरलेली वेळ असते, कारण गाडीला संध्याकाळी पुन्हा फलाटावर लागायचे असते.

हे सारे चार फुटांच्या फळीवर आणावयाचे होते. 'हुबेहूब' हा शब्द आपण सहज वापरतो. पण हुबेहूब म्हणजे नेमके काय, हे ठरविल्यावाचून करवत हाती धरता येत नाही. आम्ही तीन गोष्टी प्रथम ठरविल्या : काळ, प्रमाण आणि चौकट.

काळ अशासाठी की रेल्वे दर वीस वर्षांनी वेश पालटते. आमच्या लहानपणी डबे गडद लाल-तपकिरी होते. नव्वदीच्या दशकात हवेच्या दाबाचे ब्रेक असलेले डबे निळ्या दोन छटांत आले. आता लाल-करड्या रंगाच्या एलएचबी डब्यांचा काळ आहे; पेरांबूरच्या कारखान्याने जुन्या धाटणीचा शेवटचा डबा २०१८ च्या जानेवारीत बाहेर काढला. रंगाबरोबर अवयवही बदलतात. जुन्या डब्यांना स्क्रूचे कपलिंग आणि दोन बाजूंस दोन बफर, नव्यांना मधोमध एकच जोड. आज प्रत्येक डब्याखाली जैव-शौचालयाच्या टाक्या दिसतात. वीस वर्षांपूर्वी त्या नव्हत्या. आम्ही २००५ हे साल धरले. मंडळातील बरीच कुटुंबे त्या सुमारास काशीत आली. एकदा साल धरले की ते सोडावयाचे नाही. निळ्या डब्याखाली आजच्या टाक्या लावल्या किंवा भिंतीवरच्या पाटीवर 'बनारस' असे स्टेशनाचे नाव लिहिले, तर जाणत्यास ते तत्काळ खटकेल. कारण मंडुवाडीह स्टेशनाचे ते नाव २०२१ साली झाले.

प्रमाणाची कथा अधिक मनोरंजक आहे. परदेशी खेळण्यांच्या गाड्या बहुतांशी १ : ८७ या प्रमाणात असतात आणि त्यांच्या रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. साडेसोळाला सत्त्याऐंशीने गुणले की १,४३५ मि.मी. येतात, ते युरोप-अमेरिकेतील रुंदीचे माप. आपली ब्रॉडगेज १,६७६ मि.मी.ची, म्हणजे साडेपाच फुटांची. त्या प्रमाणात आपल्या रुळांत एकोणीस मिलिमीटरांहून थोडे अधिक अंतर हवे. विकतच्या रुळांवर आपला डबा ठेवला, तर तो भावाचे तोकडे जोडे घातलेल्या माणसासारखा दिसतो. आमच्या देखाव्यात गाडी पळवावयाची नव्हती, म्हणून विकतचे रूळ घेण्याची सक्ती नव्हती. आम्ही १ : ५० हे सोपे प्रमाण घेतले. रुळांतील अंतर साडेतेहतीस मिलिमीटर झाले, २१.३ मीटरचा डबा ४२७ मिलिमीटरचा झाला आणि सव्वातीन मीटरची रुंदी ६५ मिलिमीटरवर आली. साडेपाच फुटांचा माणूसही साडेतेहतीस मिलिमीटरांचाच येतो. ब्रॉडगेजच्या दोन रुळांत मध्यम उंचीचा माणूस नेमका आडवा मावतो, हे मुलांनी पट्टी लावून शोधून काढले. तेव्हापासून मोजपट्टी दूर असली तरी माणसाची बाहुली रुळांत आडवी ठेवून ती मापे पडताळू लागली.

मुलांना सर्वांत आवडलेला आकडा चाकाचा होता. डब्याच्या नव्या चाकाचा व्यास ९१५ मि.मी. असतो. धावून आणि पुनःपुन्हा घासून-घडवून तो कमी होत जातो आणि अशा डब्याचे चाक ८२५ मि.मी.वर आले की ते बाद होते. आमच्या प्रमाणात हा सारा फरक दोन मिलिमीटरांचाही नाही. म्हणजे चाकाचे अवघे आयुष्य त्या नखभर जागेत सामावलेले. मुलांनी हट्टाने एका डब्याला नवी चाके लावली आणि दुसऱ्याला झिजलेली. पाहणाऱ्यांपैकी कोणाच्या ध्यानात ते आले असेल असे वाटत नाही. पण शेडमधील माणसाचे काम नेमके हेच असते. जो फरक आपल्या ध्यानात येत नाही, त्यावर त्याला नजर ठेवावयाची असते.

ही चाके काश्मीरीगंजच्या खराद्यांनी करून दिली. बनारसची लाकडी खेळणी आपण प्रत्येक सुट्टीत गावी नेतो. आपल्या सावंतवाडीप्रमाणेच येथेही लाकूड आणि लाख यांची पिढीजात कला आहे. खरादावर फिरत्या लाकडास लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून अंगास बसते. त्यासाठी पूर्वी कोरैया नावाचे लाकूड वापरीत; जंगलतोडीवर निर्बंध आल्यापासून निलगिरीवर काम चालते. आम्ही चोवीस चाके मागितली आणि वर "लाख लावू नका" असेही सांगितले. चकाकी नको असलेले गिऱ्हाईक त्या कारागिरास बहुधा प्रथमच भेटले असावे. पण कारण ऐकल्यावर त्याने धावेच्या बाहेरची कड तेवढी गुळगुळीत केली आणि बाजू खरखरीत ठेवल्या. खऱ्या चाकाचे तेच स्वरूप असते. रुळाला टेकणारा भाग आरशासारखा आणि बाकीचे अंग मातकट.

छपराच्या कैच्या आम्ही बांबूच्या कामट्यांच्या केल्या. पन्हळी पत्र्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आगपेटीच्या काड्या चिकटविलेल्या पाटीवर दाबून घेतला. भिंती प्लायवूडच्या, डबे जाड पुठ्ठ्याचे, वरून चपडालाखेचा हात. हे कोणालाही जमण्यासारखे आहे. त्यात विशेष काही नाही. खरी परीक्षा पुढेच असते. सारे जोडून झाले, निळा रंग वाळला आणि समोर उभी राहिली एक अतिशय सुबक, स्वच्छ, निर्जीव वस्तू. मापे बिनचूक होती. पण तेथे कोणी काम करीत असेल असे वाटत नव्हते.

येथे आपल्या दोन थोर कलावंतांची आठवण होते. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२० च्या 'सैरंध्री'च्या काळात रंगविलेल्या पडद्यांच्या जागी घन स्वरूपाचे देखावे उभारावयास सुरुवात केली. पडद्यावरच्या दाराजवळ उभ्या असलेल्या नटाची सावली खोटे बोलते, घन दाराजवळ ती खरे बोलते. दुसरे दादासाहेब फाळके. चित्रपटव्यवसायास उबगून ते त्याच सुमारास काही काळ आपल्या या काशीत येऊन राहिले होते आणि येथेच त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. फाळक्यांनी आरंभी वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून पडद्यावर दाखविली होती. त्यात चमत्कार कॅमेऱ्याचा असेल, पण त्याआधी रोपाकडे रोज पाहत बसण्याचा धीर होता. प्रतिकृतीचेही तसेच आहे. हात चालविण्याआधी डोळ्यांनी बराच काळ काम करावे लागते.

म्हणून आम्ही पुन्हा शेडमध्ये गेलो आणि या वेळी केवळ मळ पाहिला. मळ हा कोठेही, कसाही पडत नाही. त्याला कारण असते आणि त्या कारणाने त्याची जागा ठरते. डब्याखालचा सारा सांगाडा तांबूस-तपकिरी दिसतो. तो ब्रेकच्या ठोकळ्यांच्या झिजेचा आणि वाटेवरच्या मातीचा थर. कपलिंगपाशी काळे वंगण. खिडक्यांखाली पाण्याचे उभे ओघळ. दरवाज्यालगत बनारसी पानाने केलेली रंगरंगोटी, तिचे अधिक वर्णन आपणां काशीकरांपुढे करण्याची गरज नाही. पाण्याच्या नळापाशी जमीन ओली आणि कडेला शेवाळाची हिरवी रेघ. खड्ड्याच्या भिंतीचा चुना माणसाच्या खांद्यापर्यंत घासून गेलेला आणि त्याच्या वर तसाच पांढरा. रुळांचा माथा चकचकीत, बाजू गंजलेल्या. प्रत्येक डागामागे कोणते ना कोणते काम उभे होते.

गेरू, कंदिलाची काजळी, चहाचा काढा आणि पातळ डिंक यांतून हे सारे रंग झाले. ओल्या जमिनीसाठी चपड्याचे तीन हात दिले. मुलांना एकच नियम घालून दिला. डाग लावण्यापूर्वी तो कशामुळे पडला हे सांगावयाचे, आणि सांगता आले नाही तर ब्रश खाली ठेवावयाचा. चौथीतल्या एका मुलाने खड्ड्याच्या पायरीवर मधोमध गुळगुळीत काळा पट्टा ओढला आणि म्हणाला, "सगळे इथेच पाय ठेवतात ना!" त्या एका पट्ट्याने पायरी जिवंत झाली.

आता चौकटीविषयी. चोवीस डब्यांची गाडी या प्रमाणात साडेदहा मीटरांहून लांब होते. मंडळाचे सभागृहही त्यास पुरणार नाही. तेव्हा तीनच डबे घ्यावेत, त्यांतील मधला पूर्ण दिसावा, दोन्ही बाजूंचे चौकटीत अर्धवट कापलेले असावेत आणि उरलेली गाडी प्रेक्षकाने मनाने पाहावी, असा आराखडा कागदावर काढला. तो पाहावयास आपल्या मंडळातील एक निवृत्त फिटर काका आले. मितभाषी गृहस्थ. कागद बराच वेळ निरखून ते म्हणाले, "साहेब, खाली खड्ड्यात माणूस ठेवलाय. वरची गाडी हलणार नाही, हे त्याला कोणी सांगितलं?"

आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलो. मग त्यांनी समजावून सांगितले. माणूस गाडीखाली उतरण्यापूर्वी गाडीच्या दोन्ही टोकांना लाल झेंडा लागतो. रात्री लाल दिवा. तो असेपर्यंत इंजिनाने गाडीस स्पर्श करावयाचा नाही. ज्याने तो लावला, त्यानेच खालची सगळी माणसे वर आल्याची खात्री करून तो काढावयाचा. "झेंडा नसेल तर आम्ही उतरत नव्हतो," काका म्हणाले. "आणि उतरलो की पुन्हा वर बघत नव्हतो. बघून काम होत नाही."

आराखडा त्याच दिवशी बदलला. मधल्या डब्याची सममिती सोडली आणि गाडीचे एक टोक चौकटीत घेतले. शेवटच्या डब्यापुढे रुळांमध्ये एक काठी उभी राहिली आणि तिला चार मिलिमीटरांचे लाल कापड. सबंध देखाव्यात त्याहून लहान वस्तू क्वचितच होती. पण तिच्याशिवाय बाकीचे सारे खोटे ठरले असते. जागेची मापे जुळविणे हा हुबेहूबपणाचा एक भाग झाला. त्या जागेत माणसे ज्या विश्वासावर वावरतात, तो विश्वासही देखाव्यात दिसावा लागतो. हे आम्हांस काकांनी शिकविले.

उजेडाची रचना त्यानंतर आपोआप सुचली. शेडमध्ये दिवसाचा प्रकाश दोन्ही टोकांकडून आणि छपरातील काही अर्धपारदर्शक पत्र्यांतून येतो. तोही धुळीने मंदावलेला. डब्यांच्या माथ्यावर तो पडतो, पण खाली पोहोचत नाही. खाली काळोख असतो आणि त्यात खड्ड्यातील दिव्यांचा पिवळा उजेड. सामान्यतः देखाव्यात आपण वरून झगझगीत प्रकाश सोडतो. आम्ही वरचा प्रकाश निम्म्याने कमी केला आणि खड्ड्यात तीन मिलिमीटरांचे पिवळे एलईडी बसविले. सर्व दिवे बारा व्होल्टांवर. घरातील वीज पुठ्ठ्याच्या आत येऊ द्यावयाची नाही, हा दंडक देखावे करणाऱ्या प्रत्येकाने पाळावा. दिवे लागताच दृष्टी निळ्या डब्यावर न थांबता सरळ गाडीखाली गेली. तेथे साडेतेहतीस मिलिमीटरांचा एक माणूस मान वर करून, हात उंचावून, ब्रेकच्या जोडाला हात घालीत उभा होता.

फळी आम्ही जमिनीपासून साडेतीन फुटांवर ठेवली. लहान मुलांच्या डोळ्यांसमोर ती नेमकी आली. मोठ्यांना मात्र वाकावे लागले. काही ज्येष्ठांनी त्याविषयी तक्रार केली. त्यांची क्षमा मागून आम्ही एवढेच सांगितले की गाडीच्या खालचे पाहावयाचे तर वाकण्यावाचून गत्यंतर नाही. ज्यांचे ते काम आहे तेही दिवसभर वाकलेलेच असतात.

आणखी एक आक्षेप आला आणि तो टाळण्यासारखा नव्हता. गजाननापुढे गडकिल्ले, पंढरीची वारी, गंगावतरण असे काही पवित्र दृश्य असावे. वंगण, गंज आणि पानाच्या पिचकाऱ्या कशासाठी? या प्रश्नाचा आम्ही आदर करतो. उत्तर मात्र आमच्यापाशी तात्त्विक नाही. प्रत्येक चतुर्थीला आपण विघ्नहर्त्याची प्रार्थना करतो आणि सुट्टी लागली की लेकराबाळांसह गाडीत बसून निश्चिंत झोपतो. त्या झोपेत दीड हजार किलोमीटर निघून जातात. वाटेतले एक विघ्न आदल्या दिवशी कोणीतरी खड्ड्यात उभे राहून, हातोडीचा एक ठोका ऐकून, एक सैल पिन ओळखून टाळलेले असते. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते आणि आपले नाव त्याला. अशा माणसास विघ्नहर्त्याच्या समोर उभे केले, यात अनुचित काही झाले असे आम्हांस वाटत नाही.

देखाव्याच्या तिसऱ्या संध्याकाळी आपल्या मंडळाबाहेरचे बरेच लोक आले. त्यांत एक स्थानिक गृहस्थ लहान मुलास घेऊन आले होते. रांगेत ते शांत उभे होते. पुढे आल्यावर त्यांनी देखावा वरपासून खालपर्यंत पाहिला. त्यांची नजर प्रथम लाल झेंड्यावर गेली, मग खड्ड्याकडे. मुलाच्या खांद्यावर हात ठेवून, खाली वाकून ते म्हणाले, "बेटा, रात को हम यहाँ रहते हैं।" मूल बराच वेळ त्या पिवळ्या उजेडाकडे पाहत राहिले. आमच्याशी ते दोघे काही बोलले नाहीत आणि आम्हीही काही विचारले नाही. पण वडील रात्री घराबाहेर कोठे असतात, हे त्या मुलाने त्या दिवशी प्रथमच पाहिले असावे. कौतुकाचे अनेक शब्द त्या दहा दिवसांत कानांवर आले. या एका वाक्याची सर कशालाच नाही.

मित्रहो, ज्यांना अशा कामाची गोडी असेल त्यांनी पुण्यास गेल्यावर कोथरूड भागातील लघुरेल्वेचे संग्रहालय अवश्य पाहावे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून ते उभे केले आणि १९९८ पासून ते लोकांना खुले आहे. दिल्लीस गेलात तर १९७७ साली सुरू झालेले राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय पाहावे. तेथे प्रत्यक्ष इंजिने आणि डबे मापे घेण्यास समोर उभे असतात. परंतु सर्वांत मोठे संग्रहालय आपल्या गावाच्या स्टेशनापलीकडे रोज उघडे आहे, आणि तेथील निळे डबे आता झपाट्याने दिसेनासे होत आहेत. ज्यांच्या हातांनी ते सांभाळले, ती माणसेही निवृत्त होऊन आपल्याच गल्लीत राहत आहेत. त्यांच्याकडून ऐकून, विचारून, मुलांनी काही बनवून ठेवावे. आपल्या मुलांचे मराठी परप्रांतात कितपत टिकेल याची चिंता आपण प्रत्येक सभेत करतो. या दोन महिन्यांत 'कामटी', 'कैची', 'पन्हळ', 'वंगण', 'ओघळ' हे शब्द मुलांच्या तोंडी आले, ते कोणत्याही शिकवणीवाचून. हाताला काम मिळाले की जीभ त्याचे शब्द आपणहून मागते, असा आमचा अनुभव आहे.

देखावा मोडलेला नाही. मंडळाच्या वाचनालयात काचेखाली तो ठेवला आहे आणि दिव्यांचे बटण मुलांच्या हाताला येईल अशा उंचीवर आहे. झेंडा सुटा आहे. तो हरवू नये म्हणून काकांनी आणखी चार करून डबीत ठेवले आहेत. पुढच्या वर्षी मुले पाण्याचा नळ आणि 'सिक' मार्गिका जोडणार आहेत. ज्यांच्यापाशी थोडा वेळ, जुना पुठ्ठा आणि पाहण्याचा धीर असेल त्यांनी रविवारी सकाळी यावे, एवढी विनंती.